पहिला नग

मनुष्य नश्वर आहे, परंतु त्याचे कार्य टिकते. निघोजे येथील ‘भैरवकृपा सरफेस सोल्युशन्स’ या कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर हे वचन निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले आहे. त्यातला ‘टिकते’ हा शब्द गेल्या उन्हाळ्यात पोपडा धरून खाली पडला. (भिंतीचे काम बाहेरच्या पेंटरला दिले होते, कारखान्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, असा खुलासा कारखान्याने कोणी विचारायच्या आत केलेला आहे.)

कारखान्याचा धंदा रंग देण्याचा. दुचाकीच्या इंजिनाला बाजूने जे ॲल्युमिनियमचे ओतीव झाकण बसते, ते फाउंड्रीतून इथे येते, रंग लावून घेते आणि मोठ्या कंपनीत जाते. मोठ्या कंपनीचे नाव घ्यायची इथे पद्धत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत आणि नुसते ‘त्यांचा निरोप आलाय’ म्हणत, तसे तिला माल पुरवणारे व्हेंडर लोक कंपनीबद्दल बोलतात. (बायकांनी ही प्रथा केव्हाच सोडली. व्हेंडरांनी निष्ठेने चालू ठेवली आहे.)

आता ॲल्युमिनियमच्या स्वभावाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. लोखंड हा भोळा धातू. त्याला रंग दिला की तो घेतो, नाही दिला की गंजतो. मनात काही ठेवत नाही. ॲल्युमिनियमचे तसे नाही. त्याला हवा लागायचा अवकाश, ते स्वतःच्या अंगावर एक न दिसणारे पातळ कवच ओढून घेते. बाहेरून चकाकी, हसतमुख चेहरा. पण जवळ कोणाला येऊ देत नाही. आकुर्डीच्या एखाद्या सोसायटीत वर्षभर राहिलेल्या माणसाला हा स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अशा धातूला रंग चिकटवायचा तर आधी त्याचे मन वळवावे लागते. त्याची अधिकृत प्रक्रिया भैरवकृपाच्या भिंतीवर लॅमिनेट करून टांगलेली आहे. ती अशी: धुणे, आम्लात बुडवणे, पुन्हा धुणे, वाळवणे, पूजन, प्राइमर, रंग, भट्टी, तपासणी.

पूजन ही पायरी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. मालक दादासाहेब हे निघोज्याचेच. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा बैल गेले, गोठा गेला, बांधावरची भांडणे गेली. पण पेरणीआधी तिफणीला हळदकुंकू वाहायची सवय गेली नाही. ती कारखान्याच्या शेडमध्ये राहायला आली. नवा लॉट सुरू झाला की धुऊन-वाळवून चकचकीत झालेला पहिला नग पाटावर ठेवतात, दादासाहेबांच्या पत्नी इंदुताई तबक घेऊन घरून येतात, नगाला हळदकुंकू लागते, दादासाहेब हात लावून नमस्कार करतात, मग सुपरवायझर, मग स्टोअरवाला, मग रांगेने सगळे. आणि मगच नग रंगाच्या बूथमध्ये जातो.

दुसरीकडे, मोठ्या कंपनीच्या कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे तपासणीच्या नियमपत्रकात, स्पष्ट म्हटले आहे की प्रत्येक लॉटचा पहिला नग तपासावा. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा अन्य कोणत्याही नगाविषयी कंट्रोल प्लॅनने कुतूहल दाखवलेले नाही. अशा रीतीने परंपरा आणि गुणवत्ता या दोघींचे एकमत होईल असा एक नग भैरवकृपात होता.

तपासणीची रीत सोपी आहे. झाकणाच्या मधोमध, रंगावर, कटरने उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकटी पाडायच्या. त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर रंग पास. पट्टीबरोबर वर आल्या तर मुकुंद पानसे नापास.

मुकुंद पानसे हे भैरवकृपाचे क्वालिटी हेड. वय पन्नाशीच्या किंचित पुढे. या औद्योगिक पट्ट्यात पंचेचाळिशीपर्यंत माणसाला नोकरी देतात, त्यानंतर त्याला अनुभवी म्हणतात. मुलगा निमिष इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आकुर्डीचा फ्लॅट बँकेच्या मनात येईल तोवर त्यांचा, आणि पत्नी सुमेधा ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. घरात रसायनशास्त्र असून पानसे ते कारखान्यात नेत नसत. घरातली गोष्ट घरात राहावी, असे त्यांचे मत होते.

रंग निघत होता. एखाद्या दिवशी निघाला आणि एखाद्या दिवशी नाही, असे असते तर चिंता होती. पण तो नियमाने निघत होता, आणि नियमाला पानसे मान देत. त्यांनी एकेक उपाय केला. रंग बदलला. रंगाखालचा प्राइमर बदलला. प्राइमर देणारा माणूस बदलला. (नव्या माणसाने जुन्याच माणसाकडून प्राइमर आणला.) मग चिकटपट्टी फारच चिकट आहे असा एक विचार पुढे आला आणि चाकणच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून अशी पट्टी आणण्यात आली की जी कागदालाही चिकटत नसे. तिने एका चौकटीलाही धक्का लागला नाही. ते दोन महिने भैरवकृपाच्या इतिहासात सुवर्णकाळ म्हणून ओळखले जातात. पुढे मोठ्या कंपनीने पट्टी आमचीच वापरा असे कळवले आणि सुवर्णकाळ संपला.

रंग मुळातच निकृष्ट होता असे म्हणावे, तर तेही नाही. त्याच्या पकडीविषयी कारखान्यात जी पाहणी झाली तिचे निष्कर्ष बोलके आहेत. नवनाथचे बूट: शंभर टक्के. बूथच्या काचा: शंभर टक्के. हवा ओढणारा पंखा: एकशे दहा टक्के (पंख्याला रंग धरून आहे की रंगाला पंखा, हे सांगता येत नाही). दादासाहेबांच्या पांढऱ्या गाडीचे बॉनेट, तीनदा पॉलिश करूनही: शंभर टक्के. गेटवरचे कुत्रे, डावी बाजू: शंभर टक्के, दोन पावसाळे. इंजिनाचे झाकण, पहिला नग: शून्य.

नवनाथ म्हणजे बूथमध्ये स्प्रेगन धरणारा. गाव गेवराईच्या पुढे. भैरवकृपाच्या गुणवत्ता व्यवस्थेचा सगळा डोलारा या एका माणसावर उभा होता, आणि त्याचे कारण समजून घ्यायला ‘व्हाय-व्हाय ॲनालिसिस’ समजून घ्यावे लागेल.

काही बिघडले की पाच वेळा ‘का’ विचारायचे, म्हणजे मुळाशी पोचता येते, अशी ही जगन्मान्य पद्धत. रंग का निघाला? पृष्ठभाग स्वच्छ नव्हता. का नव्हता? धुण्याच्या टाकीतले पाणी काळे होते. का काळे होते? दिवाळीपासून बदलले नव्हते. का बदलले नव्हते? मंजुरी आली नव्हती. का आली नव्हती? इथवर आले की समोर एसी केबिनचा दरवाजा येतो. म्हणून या पट्ट्यातल्या तज्ज्ञांनी अनुभवाने एक सुधारणा केली आहे: कारण शोधत वर चढताना जिथे केबिन लागते, तिच्या अलीकडच्या पायरीवरून खाली उतरावे. खाली उतरले की माणूस थेट बूथपाशी येतो. बूथमध्ये नवनाथ असतो. त्यामुळे कोणताही ‘का’ विचारा, शेवटी उत्तर एकच: ‘ऑपरेटरला प्रशिक्षण देण्यात आले.’

नवनाथला हात कसे धुवावेत याचे प्रशिक्षण झाले. हातमोजे कसे घालावेत याचे झाले. गन कशी धरावी, कशी धरू नये, धरली असता सोडावी कशी, याचे झाले. प्रशिक्षणाची खोली थंड होती आणि तिथे बिस्किटे मिळत. रंग निघाला की सर्वात आधी नवनाथचा चेहरा खुले. गावाकडे सोयरिकीसाठी पाठवलेल्या बायोडेटात ‘शिक्षण’ या शब्दापुढे त्याने ‘सतत चालू’ असे लिहिले होते.

हे सगळे असेच सुरळीत चालू राहिले असते. पण मोठ्या कंपनीत निवेदिता नावाची एक नवी अधिकारी आली. वय तिशीच्या आतबाहेर, मटेरियल सायन्सची पदवी, आणि दोन व्हेंडर बंद केल्याची ख्याती. तिने साचलेले रिपोर्ट वाचले. (हे वाचायचे असतात हे भैरवकृपाला ठाऊक नव्हते.) वाचून तिने कळवले की पुढच्या आठवड्यात ती स्वतः येईल, नव्या मॉडेलचा पहिला नग तिच्यासमोर रंगवला जाईल, तिच्यासमोर तपासला जाईल, आणि तो नापास झाला तर झाकणांचे काम तळेगावच्या दुसऱ्या व्हेंडरकडे जाईल.

दादासाहेबांनी पानशांना केबिनमध्ये बोलावले, चहा पाजला आणि परिस्थिती थोडक्यात समजावली. “त्या मॅडमपुढं रंग ऱ्हायला, तर तुमी ऱ्हाल.” एवढेच. चहात साखर नेहमीएवढीच होती.

पानसे कामाला लागले. त्यांनी रोज पहिला नग तपासला, रोज रंग निघाला. एक दिवस नवनाथने ट्रेमधून हाताला आला तो नग उचलून दिला, कारण त्याच्या मते सगळे सारखेच. पानशांनी रेघा मारल्या, पट्टी लावली, ओढली. काहीच निघाले नाही. पानसे घाबरले. असा निकाल आजवरच्या आलेखात कुठेच बसत नव्हता. त्यांनी पट्टीचे रीळ शिळे समजून फेकले आणि नवे फोडले. नवी पट्टीही कोरी आली. मग त्यांनी तिसरा नग घेतला, पाचवा घेतला, भट्टीतून नुकता आलेला गरम घेतला. रंग मोजून-मापून नव्हे, जिद्दीने चिकटलेला. शेवटी त्यांनी सगळ्या निकालांपुढे ‘मापनातील त्रुटी’ असा शेरा मारला आणि हुश्श केले.

त्या संध्याकाळी घरी सुमेधाने त्यांचा शर्ट धुवायला टाकताना बाहीला चिकटलेली पट्टी ओढून काढली. पहिल्या नगाची. पट्टीवर चंदेरी पापुद्रा होता.

“हे काय घरी घेऊन आलास?”

“रंग आहे. निघालेला.”

“मागून गुलाबी कशानं झालाय?”

“प्राइमरची शेड आहे ती. रिपोर्टात आहे तसं.”

“तुमचा प्राइमर गुलाबी असतो?”

“राखाडी,” ते म्हणाले.

सुमेधाने पट्टी ट्यूबलाइटखाली धरली. कुकरची शिट्टी झाली तरी तिने मान वळवली नाही. “मुकुंद, हे कुंकू आहे. आणि असं एकसारखं पसरलंय म्हणजे तेलात कालवलेलं. त्याच्यावर कुठला रंग बसणार?”

“तुला कसं कळलं?”

“तेलावर रंग बसत नाही, हे मी अकरावीला शिकवत नाही रे. ती मुलं ते शिकून आलेली असतात.”

दुसऱ्या दिवशी पानशांनी आडून आडून चौकशी केली तेव्हा इतिहास उलगडला. सुरुवातीला इंदुताई कोरडेच कुंकू लावत. पण ॲल्युमिनियमवर ते ठरेना. नग उचलला की कुंकू खाली सांडे. शुभकार्यात कुंकू सांडणे बरे दिसत नाही, म्हणून त्यांनी त्यात खोबरेल घालायला सुरुवात केली. तेव्हापासून कुंकू हलले नव्हते. म्हणजे ओतीव ॲल्युमिनियमला काहीतरी कायमचे चिकटवण्याचा प्रश्न, ज्यापुढे जगभरच्या प्रयोगशाळा डोके आपटतात, तो भैरवकृपात केव्हाच सुटलेला होता. फक्त तो रंगाच्या खालच्या थरात सुटला होता.

कारण सापडले. यापेक्षा मोठे संकट पानशांवर आजवर आले नव्हते, कारण हे कारण बूथकडे उतरत नव्हते. ते सरळ केबिनमध्ये जात होते, आणि केबिनमधून पुढे घरी.

पानशांनी आधी कागदी मार्ग पाहिला. कंट्रोल प्लॅनमध्ये ‘पहिला नग’ऐवजी ‘दुसरा नग’ असा बदल करायचा तर अर्ज मोठ्या कंपनीत, तिथून तिच्या परदेशातल्या मुख्यालयात, आणि उत्तर त्याच वाटेने परत. (पूर्वी एका व्हेंडरने एका बोल्टविषयी असे विचारले होते. उत्तर आले तेव्हा बोल्ट होता, व्हेंडर नव्हता.) मग ते दादासाहेबांकडे गेले.

“दादासाहेब, मी काय म्हणतो, पूजा धुण्याच्या आधी उरकली तर?”

“आन् मग नग धुयाचा? म्हंजे देवाचं कुंकू गटारात?”

“बरं, मग रंग दिल्यावर?”

“वरात निगाल्यावर मुहूर्त काडायचा व्हय, पानसे?”

“मग पूजेला एक वेगळा नग ठेवू. कायमचा. देवापुढं.”

दादासाहेबांचा चेहरा उतरला. “देवाला डमी दावायची?” ते इतक्या दुखऱ्या आवाजात म्हणाले की पानशांनाच वाईट वाटले. तरी त्यांनी धीर केला. ते म्हणाले, “कुंकवाच्या तेलानं रंग निघतोय, दादासाहेब.”

दादासाहेबांनी टेबलावरचा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “ल्हा तसं. कारन: मालकिनीच्या हातचं कुंकू. खाली सही करा, शिक्का मारा आन् द्या धाडून त्या मॅडमला.”

पानशांनी खिसे चाचपले. चार पेने होती. एकही चालत असेल असे त्यांना वाटले नाही.

“आमी काय येडं न्हाई, पानसे,” दादासाहेब मऊ आवाजात म्हणाले. “ह्ये शेड हुबं ऱ्हायलं तवा चार म्हैने नुस्तं वारं खात होतं. हिनं पहिल्या नगाला कुंकू लावलं आन् त्याच आठवड्यात आर्डर आली. रंग काय, आज निगंल, उद्या बसंल. आर्डर निगून गेली तर ती कशानं चिकटवायची?”

त्या प्रकारच्या चिकटवण्याची चाचणी अजून निघालेली नाही.

उरला एकच दरवाजा. पानसे इंदुताईंच्या घरी गेले, ओट्यापाशी उभे राहिले, आणि कुंकू बंद करा असे न म्हणता फक्त जागेची गोष्ट काढली. झाकणाला कडेने बोल्ट बसायला कान असतात. मधली सपाट जागा त्या मॅडमच्या तपासणीला लागते. तेव्हा कुंकू मध्ये न लावता वरच्या कानाला लावले तर? आणि नमस्कारही सगळ्यांनी कानालाच हात लावून केला तर?

“एवढंच ना?” इंदुताई म्हणाल्या. “देवाला काय, कडंचं बी पोचतं.”

पानसे मोटरसायकल न चालवता तरंगत घरी गेले.

ऑडिटचा दिवस उजाडला. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या ताज्या रंगवल्या होत्या. (त्या उत्तम चिकटल्या, त्यांवरून चाललेले सुपरवायझरही काही काळ चिकटले होते.) नर्सरीतून कुंड्या भाड्याने आल्या होत्या. धुण्याच्या टाकीतले पाणी बदलले होते आणि ते पारदर्शक असते हे पाहून जुने कामगार हळहळले. गेटवरच्या कुत्र्याला उजवी बाजू दाखवत बसवले होते. निवेदिता मॅडम सेफ्टी शूज घालून आल्या, पाणीसुद्धा न घेता त्यांनी टाक्या पाहिल्या, थर्मामीटर पाहिले, आम्लाची तारीख पाहिली आणि मान डोलावली. नग धुतला गेला, आम्लातून निघाला, वाळला. त्याच्यावर त्यांनी पाण्याचा थेंब टाकला, तो सपाट पसरला, म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ. “छान,” त्या म्हणाल्या. “आता याला कोणी उघडा हात लावू नका.”

आणि नग पाटावर आला.

इंदुताईंनी तबक उचलले, अनामिका कुंकवात बुडवली, ठरल्याप्रमाणे बोट वरच्या कानाकडे नेले. बोट कानापाशी पोचले, आणि थांबले. इंदुताईंच्या लक्षात आले की दारात पाहुणी उभी आहे आणि मान आपण घेतो आहोत.

“घ्या मॅडम. आज तुमी हाय म्हटल्यावर मी कशाला.”

“नको नको, मी ऑडिटर आहे.”

“ऑडिटर असला तरी लेकच की आमची. घ्या.”

व्हेंडरच्या जागेवर जेवण नाकारण्याविषयी मोठ्या कंपनीचे धोरण आहे, भेटवस्तू नाकारण्याविषयी आहे, हॉटेलची खोली नाकारण्याविषयी तर उदाहरणांसह आहे. हातात दिलेले तबक नाकारण्याविषयी एक ओळ नाही. निवेदिता मॅडमनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि उजव्या हाताचा मोजा काढला.

“मॅडम, कडेला... कानाला...” पानसे म्हणाले.

“कडंला का?” दादासाहेब आदराने म्हणाले. “पाव्हनी हाय ती. मधी लावा मॅडम, मधी.”

मटेरियल सायन्सची पदवी असलेल्या निवेदिता मॅडमनी झाकणाच्या अगदी मधोमध, बोट जरा दाबून, ठसठशीत कुंकू लावले. त्यावर हळद लावली. अक्षता टाकल्या. मग डोळे मिटून दोन्ही तळव्यांनी नगाला नमस्कार केला. सुपरवायझरने फोटो काढला. पानशांच्या डोळ्यांपुढून आकुर्डीचा फ्लॅट, निमिषची उरलेली वर्षे आणि तळेगावचा टोलनाका असे एकामागोमाग एक निघून गेले.

नग बूथमध्ये गेला. नवनाथने आजवरच्या सर्व प्रशिक्षणाला स्मरून रंग मारला. भट्टीचा वेळ पोहे आणि चहात गेला. नग बाहेर आला, गार झाला, तेजाळला. इतका देखणा नग भैरवकृपात झाला नव्हता. मॅडमनी स्वतः रेघा मारल्या. स्वतः पट्टी दाबली. ओढली.

चौकटी सगळ्याच्या सगळ्या, वर्गातून सहलीला निघाल्यासारख्या, रांगेने पट्टीबरोबर गेल्या. खाली ॲल्युमिनियमवर कुंकू होते. त्याला काहीही झालेले नव्हते. त्यात बोटाच्या रेषासुद्धा मोजता आल्या असत्या.

नवनाथ पुढे वाकला.

“मॅडमचं बोट लई साफ उमटलंय बघा.”

यानंतर जी शांतता पसरली तिच्यात कॉम्प्रेसरसुद्धा बंद पडला. निवेदिता मॅडमनी आपल्या अनामिकेकडे पाहिले. मग त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, “पानसे सर, दुसरा नग घ्या.” दुसऱ्याचा रंग हलला नाही. तिसऱ्याचा हलला नाही. मॅडमनी चौथ्यावर कटरने खरवडून पाहिले. कटरचे पाते वाकले.

मग त्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी रिपोर्ट उघडला. ‘पहिला नग: नापास. कारण:’ इथे येऊन पेन थांबले. पानसे समोर उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कारण पक्के माहीत होते, आणि कारण त्यांच्यापुढे पेन धरून बसले होते. इतकी वर्षे जी विद्या त्यांनी कमावली होती ती आज नाही वापरायची तर केव्हा?

“मला विचाराल तर मॅडम,” पानसे म्हणाले, “प्राइमरची शेड वाटते.”

मॅडमनी वर पाहिले.

“शेड,” त्या म्हणाल्या. “हो. मलाही पहिल्यापासून तीच शंका होती.” आणि लिहिले. “उपाययोजना काय लिहायची?”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

“मंगळवारी ठेवा ट्रेनिंग,” नवनाथ म्हणाला. “सोमवारी मला गावाकडं पाहुणे बघायला येणार हायत.”

अशा प्रकारे काम भैरवकृपाकडे राहिले आणि पानसे भैरवकृपात राहिले. तळेगावच्या व्हेंडरला पुढच्या वर्षी विचार करू असे कळवण्यात आले. पुढे निवेदिता मॅडमनी कंट्रोल प्लॅनमध्येही आवश्यक ती दुरुस्ती करून घेतली. (मुख्यालयाने हरकत घेतली नाही, ‘पूजन’ या शब्दाचे तिथे भाषांतर ‘पृष्ठभागावरील विशेष प्रक्रिया’ असे करण्यात आले आणि त्या प्रक्रियेचे कौतुक झाले.) नव्या नियमानुसार पहिल्या नगाचा रंग निघणे हे प्रक्रिया स्थिर असल्याचे लक्षण मानले जाते. तो निघाला की लॉट पास. एकदा इंदुताई माहेरी गेल्या असताना पहिल्या नगाचा रंग निघाला नाही, तेव्हा अख्खा लॉट थांबवण्यात आला होता. त्या परत येईपर्यंत तो गेटवर उभा होता. नवनाथची सोयरीक जमली. मुलीकडच्यांना शिक्षण फार आवडले.

वर्षअखेरीस मोठ्या कंपनीने भैरवकृपाला उत्कृष्ट रंगकामाची ट्रॉफी दिली. ती घ्यायला पानसे कोट घालून गेले. समारंभानंतर पाहुण्यांना असेंब्ली लाइन दाखवत होते. तिथे पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या इंजिनांवर पानशांनी आपले झाकण लांबूनच ओळखले. चंदेरी, निष्कलंक, एकही पापुद्रा नाही. त्यांचा ऊर भरून आला. लाइनवरच्या माणसाने चार बोल्ट पिळले, बाजूच्या खोक्यातून काळ्या प्लास्टिकचे एक मोठे आवरण उचलले, झाकणावर ठेवून तळहाताने दाबले आणि ते खटकन बसवून टाकले. झाकण दिसेनासे झाले.

“हे नेहमी असं वरनं झाकतात?” पानशांनी विचारले.

“पहिल्यापासून.”

“मग आतला रंग दिसतो कुठून?”

“आत रंग असतो का?” त्या माणसाने विचारले आणि पुढचे इंजिन घेतले.

ही गाडी तुमच्या दारात उभी असण्याचा संभव बराच आहे. घेताना तुम्ही माहितीपत्रक नीट वाचले होते, त्यात ‘विशेष प्रक्रियायुक्त इंजिन कव्हर’ अशी ओळ होती, आणि ती वाचून तुम्ही साधे मॉडेल सोडून वरचे घेतलेत. साध्या मॉडेललाही हेच झाकण बसते.